बंदर क्रमांक ३३८९

सर्वप्रथम एक खुलासा. यावल तालुक्यात तीन हजार तीनशे एकोणनव्वद माकडे सोडण्याचा माझा कधीही विचार नव्हता. एकही सोडण्याचा नव्हता. माझ्याकडे माकड नाही. जळगावात पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी, माझी बायको शिल्पा आणि एक इन्व्हर्टर एवढेच राहतो. हे मी तीन कार्यालयांना लेखी कळवले आहे. तरीही भाजीबाजारात कोणी ओळखीचा भेटला की हसून विचारतो, "काय सपकाळे, किती उरली?" म्हणून जे घडले ते तारीखवार लिहून ठेवतो आहे.

मी प्रशील सपकाळे, पाणीवाटप मंडळात संगणक प्रशासक. मंडळाचे मुख्यालय जळगावला आहे आणि सर्व्हर धुळ्याला. यामागे तांत्रिक कारण नाही. मंडळ स्थापन झाले तेव्हा मुख्यालय जळगावने नेले, मग धुळ्याच्या मंडळींना काहीतरी द्यायला हवे, म्हणून सर्व्हर दिले. मंडळ ज्याला डेटा सेंटर म्हणते ती धुळ्यातली बारा बाय अठराची एक खोली आहे. तिच्यात सर्व्हरची दोन कपाटे, दोन एसी आणि दाराशी वाल्मीक नावाचा पहारेकरी. रोज पहाटे सहाला हे सर्व्हर शेतकऱ्यांच्या मोबाइलवर निरोप पाठवतात, आज पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची. सर्व्हर अडकला की निरोप जात नाहीत आणि सातच्या सुमाराला पाटावर फावडी उगारली जातात.

अडकलेला सर्व्हर सोडवायला मी जातो. गेल्या वर्षी सेहेचाळीस वेळा गेलो. त्यांपैकी अडतीस वेळा तिथले काम म्हणजे सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणे, एवढेच होते. त्याला चार मिनिटे लागतात. जळगावहून धुळ्याला एसटीने जायला, पारोळ्याचा चहा धरून, दोन तास चाळीस मिनिटे लागतात. यायला तेवढीच.

याला उपाय आहे आणि तो साऱ्या जगाला माहीत आहे. रिमोट डेस्कटॉप म्हणतात. धुळ्याच्या संगणकाचा पडदा जळगावच्या संगणकावर दिसतो, आणि इथे बाण हलवला की तिथे हलतो. त्यासाठी तिकडचे एक दार उघडावे लागते. त्या दाराला पोर्ट म्हणतात आणि त्याचा ठरलेला क्रमांक ३३८९ आहे. हा क्रमांक आहे, हे कृपया नीट लक्षात ठेवावे, कारण पुढे इतर कोणीही ठेवले नाही.

५ मार्चला आमचे कार्यकारी अधिकारी प्रेमराज देवरे यांचे पत्र आले. ३० एप्रिलपर्यंत धुळ्याचे सर्व्हर जळगावहून हाताळण्याची व्यवस्था करावी, अन्यथा आपले पद मुख्यालय धुळे येथे वर्ग करण्यात येईल. साहेबांचे म्हणणे असे, की ते जेव्हा जेव्हा मला फोन करतात तेव्हा मी पारोळ्यालाच असतो. आकडेवारी पाहता हे अगदीच चूक नव्हते.

लग्नाला आमच्या तेरा वर्षे झाली. त्यातली अकरा शिल्पा नशिराबादच्या शाळेत शिकवत होती आणि मी सरकारने जिथे जिथे पाणी अडवले आहे तिथे तिथे होतो. एका छपराखाली येऊन दोनच वर्षे झाली होती. नीट भांडायलासुद्धा आम्ही आत्ता कुठे शिकत होतो. पहाटे सहाच्या निरोपांमुळे धुळ्याला पद गेले तर माणसालाही तिथेच राहावे लागणार, रोज जाऊन येऊन भागणार नाही, हे तिला समजावण्याची गरज नव्हती. पत्र वाचून तिने घडी घातली आणि म्हणाली, "या वेळी मी चिवडा पार्सलने पाठवणार नाही."

कामाला सुरुवात करण्याआधी बातमी गल्लीत पोचली. समोरचे चुडामण नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आहेत. जगातल्या बहुतेक अडचणी चुकीची गाडी पकडल्याने येतात असे त्यांचे मत आहे. त्यांनी मला जळगाव-धुळे गाड्यांचे वेळापत्रक हाताने लिहून दिले, त्यात कोणत्या गाडीचा चालक पारोळ्याला जास्त वेळ थांबतो हेही होते. मी म्हणालो, नाना, मला जायचेच नाही, इथूनच रिमोटने चालवायचे आहे. नाना उठून घरी गेले आणि त्यांच्या जुन्या टीव्हीचा रिमोट घेऊन आले. "पडूनच होता," म्हणाले. "सेल तेवढे टाका." तो आजही आमच्या कपाटावर आहे. परत दिला तर त्यांना वाईट वाटेल.

इन्व्हर्टर बघायला येणारे युसूफभाई शेतातल्या मोटारींचे स्टार्टरही दुरुस्त करतात. त्यांनी मला विचारले की केळीतली मोटार घरी बसून एक मिस्ड कॉल दिला की चालू होते, मग माझ्या सर्व्हरला काय झाले आहे. मी त्यांना सर्व्हर आणि मोटार यांतला फरक पंचवीस मिनिटे सांगितला. सुरक्षा सांगितली, परवानग्या सांगितल्या, चोरटे कुठून शिरतात ते सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"मतलब," ते शेवटी म्हणाले, "मोटार जास्त हुशार आहे."

सोळा वर्षांच्या नोकरीत माझ्या शिक्षणाचे इतके थोडक्यात मूल्यमापन कोणी केले नव्हते.

९ मार्चला मी अर्ज केला. आमच्याकडे अर्ज मंदाबाईंकडे जातो. मंदाबाई आवक-जावक सांभाळतात, आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापासून त्यांच्याकडे मराठी भाषा दक्षता अधिकारी या पदाचा अतिरिक्त कार्यभार आहे. अतिरिक्त कार्यभार माणूस मूळ कार्यभारापेक्षा जास्त मनापासून सांभाळतो. माझा अर्ज तासाभरात परत आला. त्यात एकतीस शब्दांभोवती लाल गोल होते. एकूण शब्द चौऱ्याऐंशी होते.

मी त्यांच्या टेबलाशी गेलो. त्यांच्या पुढ्यात जाडजूड कोश होता. सर्व्हरला आम्ही बऱ्याच वाटाघाटींनंतर सेवासंगणक ठरवले. रिमोट म्हणजे दूरस्थ, याला माझी हरकत नव्हती. फायरवॉल म्हणजे संगणकाचे नको त्या पाहुण्यांपासून रक्षण करणारी व्यवस्था, तिला त्यांनी अग्निभिंत केले. मी मान डोलावली. मग पोर्टवर गाडी अडली.

"पोर्ट म्हणजे बंदर," मंदाबाई म्हणाल्या. "कोशात आहे."

मी म्हणालो, इथे त्याचा अर्थ दार असा आहे, दार लिहू.

"दार म्हणजे डोअर. तुम्ही डोअर लिहिलं होतं का?"

नव्हते लिहिले. पन्नास दिवस हाताशी होते आणि एका शब्दासाठी त्यातला एक घालवणे मला पटेना. अर्जाचा विषय असा झाला: 'धुळे येथील सेवासंगणकांचे दूरस्थ व्यवस्थापनासाठी अग्निभिंतीतून बंदर क्र. ३३८९ मोकळे सोडण्यास परवानगी मिळणेबाबत.' 'मोकळे सोडणे' हेही मंदाबाईंचे. 'उघडणे' त्यांना बोलीभाषेतले वाटले.

जळगावला समुद्र नाही. धुळ्यालाही नाही. जिथे समुद्र नाही आणि जिथल्या अर्ध्या लोकांच्या तोंडी हिंदी आहे, तिथे 'बंदर मोकळे सोडणे' याचा काय अर्थ निघेल, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. मी विचार संगणकाचा करत होतो.

साहेबांनी १२ मार्चला न वाचता सही केली. त्यानंतर संबंधित खात्यांची ना-हरकत घेणे हा नियम आहे. संबंधित खाती कोणती, हे मंदाबाईंनी विषय वाचून ठरवले. सही झाली त्याच दुपारी पत्रे रवाना झाली. मंडळाच्या इतिहासात कागद इतक्या वेगाने कधी हलला नव्हता, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पहिली कुणकुण मला ३० मार्चला धुळ्याहून वाल्मीकच्या फोनने लागली. "साहेब, आठे लाल गाडी येल शे," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, म्हणजे इथे लाल गाडी आली आहे. मी आग कुठे लागली ते विचारले, पण आग नव्हती. अग्निशमनचे एक अधिकारी अग्निभिंत बघायला आले होते. त्यांनी चारही भिंती ठोकून पाहिल्या. तीन ठीक निघाल्या, चौथी चार इंची विटांची होती. मी फोनवरून सांगितले की ती भिंत यंत्राच्या आत आहे, डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी अहवालात लिहिले, 'अग्निभिंत अदृश्य स्वरूपात असल्याचे जबाबदार अधिकाऱ्याने दूरध्वनीवर सांगितले.' आणि चार लाल बादल्या वाळू ठेवण्याच्या अटीवर ना-हरकत दिली. वाल्मीकने पांझरा नदीची वाळू आणून बादल्या एसीखाली टांगल्या. एसीचे पाणी ठिबकून पंधरा दिवसांत एका बादलीत कसलेसे कोंब आले. वाल्मीक म्हणतो मेथी आहे. मला शंका आहे.

वनखात्याच्या एका कार्यालयाचे पत्र ६ एप्रिलला आले. कोणत्या, ते लिहीत नाही, कारण त्यांचे वागणे त्यांच्या जागी बरोबर होते. त्यांनी विचारले होते: सदर ३३८९ बंदरांपैकी नर किती, मादी किती, सध्या ती कोणाच्या ताब्यात आहेत, दूरस्थ ठिकाण म्हणजे नेमके कोणते जंगल, आणि वाहतुकीची व्यवस्था काय.

मी पत्र दोनदा वाचले. मग पाणी प्यालो. मग उत्तर लिहिले. घाईत दिलेले उत्तर आणि घाईत दिलेला मथळा सारखेच घातक असतात. मी लिहिले, 'सदर बंदर एकच असून ३३८९ हा त्याचा क्रमांक आहे.'

१३ एप्रिलला उलट टपाली विचारणा आली. 'बंदर एकच असल्यास उर्वरित ३३८८ कोठे आहेत, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.'

आता मी सविस्तर लिहिले. बंदर हा प्राणी नसून संगणकातील प्रवेशमार्ग आहे, तो संगणकाच्या आत असतो, तो मोकळा केला की दूरवरून काम करता येते. कोशातल्या पानाची छायाप्रत जोडली. यावर आलेले उत्तर मी जपून ठेवले आहे. संगणकाच्या आत बंदर कोंडून ठेवणे गुन्हा ठरतो किंवा कसे, याबाबत वरिष्ठांचे अभिप्राय मागवले होते.

शिल्पा रोज संध्याकाळी वह्या तपासता तपासता विचारायची, आज काय झाले. मी सांगायचो. पहिल्या आठवड्यात ती खूप हसली. १५ एप्रिलनंतर हसणे थांबले. एकदा मी घरी आलो तेव्हा ती वर ठेवलेली होल्डॉल खाली काढून तिची झिप चालते का ते बघत होती. मला पाहून म्हणाली, धूळ बसली होती.

पत्रांच्या प्रती 'माहितीस्तव' तालुक्यातालुक्यांत गेल्या होत्या. यावलच्या एका छोट्या वृत्तपत्राने तालुक्यात माकडे सोडणार अशी बातमी छापली. बातमीत चार चुका होत्या. माझे आडनाव चुकले होते, मंडळाचे नाव चुकले होते, तारीख चुकली होती आणि माकडे नव्हती. आकडा मात्र बरोबर होता.

२१ एप्रिलला सकाळी साडेअकराला दोन पिकअप गाड्यांतून एकोणीस केळी उत्पादक मुख्यालयात आले. पुढे द्रौपदाबाई होत्या. वय साठीच्या पुढे, आवाज पाटाच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असा. त्यांनी पुरावा म्हणून केळीचा एक घड आणला होता. वरच्या दोन फण्या माकडांनी खाल्लेल्या होत्या, बाकीच्या चावून सोडून दिल्या होत्या. तो घड त्यांनी देवरे साहेबांच्या टेबलावर, काचेवर, बरोबर मध्ये ठेवला. बाहेर त्रेचाळीस अंश तापमान होते. खोलीत वास पसरायला वेळ लागला नाही.

मला बोलावणे आले. मी फळ्यावर धुळे काढले, जळगाव काढले, मध्ये रेघ ओढली आणि चाळीस मिनिटे समजावले. एका गृहस्थांनी विचारले, म्हणजे वांदरं या रेघेने येणार का, मग ती यावलवरून जात नाही. त्यांचे एवढ्यावर समाधान झाले होते, पण बाकीच्यांनी त्यांना खाली बसवले.

देवरे साहेब तोवर नाकाला रुमाल लावून बसले होते. त्यांची अर्धी नोकरी भूसंपादनात गेली आहे. तिथे वस्तू काय आहे हे विचारण्याची पद्धत नाही, किती आहे ते विचारतात. ते पुढे झुकले.

"अक्का, किती चालतील?"

"एकबी नही," द्रौपदाबाई म्हणाल्या.

"असं कसं? थोडं तुम्ही सरका, थोडं आम्ही सरकतो."

या ठिकाणी मी ओरडायला हवे होते. पण हातात नऊ दिवस होते, घरी होल्डॉल खाली उतरलेली होती, आणि मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ३३८९ हे दार साऱ्या जगासाठी उघडे टाकणे हा मुळातच शहाणपणा नाही. घराला कुलूप न लावता यात्रेला जाण्यासारखे आहे. शहाणा माणूस दुसऱ्या वाटेने जातो, दार क्रमांक ४४३ ने. ते आमच्या संकेतस्थळासाठी आधीपासून उघडे असते, आणि त्याच्या तोंडाशी एक चौकी बसवली की रिमोटचे सगळे काम तिथून तपासून आत सोडता येते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्या चौकीसाठी वेगळा अर्ज करावा लागला असता, म्हणून मी टाळले होते.

"साहेब," मी म्हणालो, "चारशे त्रेचाळीसवर भागेल."

साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्या नजरेने त्यांनी पूर्वी कधीच पाहिले नव्हते. "तीन हजार तीनशे एकोणनव्वदवरून?"

मी हो म्हणालो.

द्रौपदाबाईंनी मागच्या मंडळींकडे पाहिले, मनात काही हिशेब केला. "चारशे त्रेचाळीस तं आजबी हायेतच की. माह्या एकटीच्या बागात तेवढे निघतीन."

"तेच म्हणतो, अक्का," मी म्हणालो. "नवीन काही सोडायचं नाही. जे आधीपासून मोकळं आहे, त्याच्यावरच काम चालवू."

"आन ते साडेतीन हजारचं?"

"ते कायमचं बंद. लेखी देतो."

या संभाषणातला माझा प्रत्येक शब्द खरा आहे. मी नंतर तो अनेकदा तपासला. तो कोणत्या गोष्टीबद्दल खरा आहे, एवढाच काय तो मतभेद.

इतिवृत्त मंदाबाई लिहीत होत्या. सह्या करायला लोक उठले, तेव्हा द्रौपदाबाईंनी हात वर केला. "आजून एक लिव्हा. हा मानूस जळगावातच पाह्यजे. उद्या एक वांदर जास्ती दिसलं तं याले धराले मी धुय्याले जाऊ का?"

साहेब घुटमळले. त्यांचे पत्र त्यांना आठवत असावे. द्रौपदाबाईंनी केळीचा घड वीतभर पुढे सरकवला. कलम चार लिहिले गेले: 'सदर व्यवस्था मुदतीत चालू झाल्यास संबंधित कर्मचाऱ्याचे मुख्यालय जळगाव येथेच राहील.' 'मुदतीत चालू झाल्यास' हे साहेबांनी घातले. निघताना जिन्यात मला हळूच म्हणाले की तीस तारीख कायम आहे, चालली नाही तर कसले कलम.

शिल्पाने कलम चार उभ्यानेच वाचले. मग विचारले ही बाई कोण आहे, आणि तिला एकदा जेवायला बोलवता येईल का.

चौकी बसवायचा अर्ज मंदाबाईंनी त्याच दिवशी पुढे पाठवला. त्यात बंदर हा शब्द नव्हता, त्यामुळे तो कुठेही अडला नाही. २९ तारखेला धुळ्याला जाऊन मी सगळे बसवून आलो. वाल्मीकने आस्थेने विचारले की हे काय आहे. मला परतीची गाडी होती. मी म्हणालो, नंतर सांगतो. या सबंध प्रकरणात माझी म्हणून जी एक चूक झाली ती ही.

३० एप्रिल, दुपारी चार. साहेबांच्या खोलीत साहेब, मंदाबाई, दोन शिपाई आणि मी. मी कळ दाबली आणि धुळ्याचा पडदा जळगावला दिसला. मी बाण फिरवला, एक यादी उघडली, उद्याच्या पाळीचे निरोप दाखवले. साहेब खुर्ची पुढे घेऊन बघत होते. शिपायांपैकी एकाने टाळी वाजवली आणि दुसऱ्याने त्याला गप्प केले. चार वाजून सहा मिनिटांनी पडदा काळा झाला.

मी वाल्मीकला फोन लावला. तो धापा टाकत होता.

"साहेब, आठे चोर घुशी गयथा. खुर्चीवर कोनी नही, अन बाण आपलाआप फिरी राहिंता. मी बठ्ठं बंद करी टाकं."

मी सांगितले, वाल्मीक, तो मी होतो.

"तुम्ही ते जळगावले शेतस ना?"

हो म्हणालो.

"मंग आठे कोन व्हतं?"

फोन स्पीकरवर होता, साहेब ऐकत होते. मी म्हणालो, ते राहू दे, आता पुन्हा चालू कर. वाल्मीक म्हणाला, जमणार नाही. त्याच्याकडे भिंतीवर चिकटवलेला लेखी आदेश आहे: 'संगणक प्रशासक समक्ष हजर असल्याशिवाय कोणीही कोणतेही बटण दाबू नये.' खाली माझी सही आहे. दोन वर्षांपूर्वी एका मिस्त्रीने सर्व्हरची पिन काढून तिथे ड्रिल लावले होते, तेव्हा मी हा आदेश काढला होता. मग बंद कसे केलेस, असे मी विचारले, तर म्हणाला की बटणाला हात लावलेला नाही, वायर उपटली; चालू करायला मात्र बटण दाबावे लागते.

मी व्हिडिओ कॉल केला. माझा चेहरा त्याला दाखवला. त्याने तो नीट निरखून पाहिला, मोबाइल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"तोंड तुम्हनंच शे," तो म्हणाला. "पन तुम्ही आठे नही."

मी आयुष्यात अनेक अधिकाऱ्यांना समक्ष या शब्दाचा अर्थ विचारला असेल. वाल्मीकइतका तो कोणाला पक्का ठाऊक नव्हता. पाचची गाडी पकडली तरी मी पावणेआठला पोचणार, आणि कार्यालय सव्वासहाला बंद होते. साहेबांनी हळूच खण उघडला. त्यात माझ्या नावाचा टंकलेला कागद तयार होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, कारण तिथे पाहण्यासारखे काही नव्हते.

तेव्हा मंदाबाई बोलल्या. पुढ्यात इतिवृत्त होते आणि चष्मा नाकाच्या टोकावर.

"साहेब, व्यवस्था मुदतीत चालू झाल्यास, असं आहे."

साहेब म्हणाले, मग कुठे चालली.

"चालू झाली. सहा मिनिटं. आपण पाहिली. चालू राहिल्यास, असं कलमात नाही." त्यांनी पान साहेबांकडे वळवले. "होणे आणि राहणे, दोन वेगळी क्रियापदं आहेत. एकोणीस जणांच्या सह्या आहेत."

साहेबांनी कलम वाचले. पुन्हा वाचले. 'मुदतीत चालू झाल्यास' हे शब्द त्यांनी स्वतः सांगितले होते. त्यांनी खण बंद केला. मी मंदाबाईंकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, त्या एका शुद्धलेखनाच्या चुकीभोवती गोल काढत होत्या.

पाचच्या गाडीने मी धुळ्याला गेलो, वायर लावली आणि वाल्मीकला सगळे समजावले. १ मेला महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकाच दिवशी येऊन एक सुट्टी बुडाली, त्यामुळे आदेश ४ मेला निघाला. मुख्यालय जळगाव कायम. मात्र 'दूरस्थ व्यवस्था सुरळीत चालते किंवा कसे, याची संबंधितांनी दर मंगळवारी धुळे येथे समक्ष जाऊन खात्री करावी.'

शिल्पाने आदेश परीक्षेचा पेपर तपासावा तसा वाचला. मंगळवारी जायचे म्हणजे मंगळवारीच परत ना, एवढे विचारले. मी हो म्हणालो. तिने होल्डॉल वर ठेवून दिली.

५ मेला, पहिल्या मंगळवारी, मी धुळ्याला पोचलो आणि तिथे गेल्यावर आदेशातली अडचण लक्षात आली. दूरस्थ व्यवस्था चालते की नाही हे धुळ्यात बसून बघायचे, तर जळगावहून ती कोणीतरी चालवायला हवी. ती चालवण्याची परवानगी फक्त मला आहे. आणि मी धुळ्यात समक्ष होतो. मी अर्धा तास विचार केला. शेवटी घरी फोन केला. शाळेला सुट्टी लागली होती, कार्यालयाचा लॅपटॉप घरीच होता. पासवर्ड कोणालाही सांगू नये असा नियम आहे, आणि मी तो सांगितला नाही. शिल्पाला तो माहीत होता. कसा, ते मी विचारले नाही.

सव्वाचार वाजता मी आणि वाल्मीक पडद्यासमोर बसलो. थोडा वेळ काही झाले नाही. मग बाण हलला. नव्याने सायकल शिकणाऱ्यासारखा थरथरत तो कोपऱ्यात गेला, दोनदा चुकीच्या जागी टेकला आणि शेवटी त्याने एक कोरे पान उघडले. त्यावर एकेक अक्षर उमटू लागले.

'दिसतंय का? रस काढून ठेवलाय. पाचची गाडी चुकवू नका.'

वाल्मीकने ते ओठ हलवत वाचले. त्याचा हात वायरीकडे गेला. अर्ध्यात थांबून त्याने माझ्याकडे पाहिले.

"साहेब, उपटू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "घरचंच आहे."